पंधरा अंशांचा लिटर

कोटेशनं तीन आली. तिन्हींवर चहाचे डाग, ते आमचेच.
सोनेगावच्या धावपट्टीकडेला पत्र्याचं शेड,
दोन छोटी विमानं, एक उसनी शिडी
आणि कर्जाचा हप्ता, जो कधी लेट होत नाही.

पहिला आला सरकारी कंपनीचा साहेब.
फाईल जाड, चष्मा त्याहून जाड.
म्हणाला, दर एक तारखेला बदलतो, ते आमच्या हातात नाही.
टँकर किती वाजता येईल, तेही नाही.
मग तुमच्या हातात काय आहे, मी विचारलं.
त्यानं प्रामाणिकपणे शिक्का दाखवला.

दुसरा वर्धा रोडवरच्या हॉटेलात भेटला,
एसी इतका की कागदांना ग्लास ठेवावे लागले.
पंचेचाळीस दिवस उधारी, पहिल्या महिन्यात सूट,
दिवाळीला काजूकतली घरपोच.
आकडे गोड होते. मला मधुमेह आहे.

उरकुडे, आमचे मेकॅनिक,
डावा कान त्यांचा इंजिनांनी खाल्लेला,
पाना पुसत एवढंच म्हणाले,
"मॅडम, लिटर कोन्त्या गर्मीतला, थे इचारा."

इथं मे महिन्यात लिटर फुगतो.
शेहेचाळीस अंशांत तेलही अंग सैल सोडतं,
मीटर पुरं फिरतं, वजन भरत नाही,
आणि इंजिन जाळतं ते वजन.
कागदावरचं जग मात्र पंधरा अंशांचं.
नागपुरात तेवढे अंश मिळतात
जानेवारीत, पहाटे, फुटाळ्याच्या काठावर,
मफलर गुंडाळून चालणाऱ्या रिटायर्ड माणसांना.

तिसरा, हेडाऊ, बुटीबोरीहून स्कूटरवर आला.
पिशवीत काचेची बरणी, लोणच्याची असावी अशी.
उन्हात धरली.
तेलातून पलीकडचा कडुलिंब दिसला,
पानं मोजता आली असती.
भावापुढे पंधरा अंश त्यानं स्वतःहून लिहिले होते.
भाव सगळ्यांत जास्त.

आजवर किती टँकर परत पाठवले?
साहेब म्हणाले होते, प्रश्नच उद्भवत नाही.
काजूकतली म्हणाली होती, झिरो, मॅडम, झिरो.
हेडाऊनं वही काढली, बोट जिभेला लावलं,
"अकरा. थांबा जी...
पावसातला एक धरायचा का? मंग बारा."

मी सही केली.

गोष्ट इथं संपली असती तर मी शहाणी ठरले असते.

जुलैतल्या एका शनिवारी, सकाळी सात,
सिमेंटवाले चार पाहुणे रायपूरला जायला उभे,
बुटांना पॉलिश, हातात ब्रीफकेस.
टँकर नाही. आठ. साडेआठ.
फोनवर हेडाऊ, "बाई, तळाशी पानी निंगालं."
किती?
"अर्धा चमचा.
दुसरा भरून राहिलो. अकरापर्यंत येतो."
अर्धा चमचा!
पुढे मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.
उरकुड्यांना डाव्या कानानंही ऐकू गेलं.
पाहुणे गाडीनं गेले. त्यांच्या मॅनेजरनं हात जोडले,
कायमचे जोडतात तसे.

संध्याकाळी डब्यातला चहाचा चमचा घेतला,
नळाखाली अर्धा भरला,
टेबलावर ठेवून समोर बसले.
केवढंसं ते.
चिमणीनं दुसऱ्यांदा चोच बुडवली तर संपेल.
उरकुडे डबा घेऊन निघाले होते, दारात थांबले,
चमच्याकडे पाहिलं, मग छताकडे, पत्र्याच्याही वर कुठेतरी.
"तिथं उणे तीस अस्ते," म्हणाले,
आणि सायकलचं कुलूप काढायला गेले.

एक तारखेला हेडाऊचं बिल आलं.
पंधरा अंश, ठळक अक्षरांत.
परत पाठवलेल्या टँकरचा एक रुपया नाही,
माफीची एक ओळ नाही.
चेक लिहिला. तारीख चुकली, पुन्हा लिहिला.

काजूकतलीवाल्याचं कार्ड मात्र फाडलेलं नाही.
ड्रॉवरमध्ये आहे,
चमच्याखाली.